कुत्र्या-मांजराला आलेली फिट कोणत्या प्रकारची, हे कसं ओळखावं

फिट आली की आपण आधी जनावराचा जबडा उघडायला धावतो. ते करू नका. जीभ गिळली जात नाही, आपली बोटं मात्र फुटतात. आसपासच्या टणक वस्तू बाजूला सारा, घड्याळ बघा आणि मोबाइलवर व्हिडिओ घ्या. डॉक्टरांच्या टेबलावर पोचेपर्यंत प्राणी बहुधा ठणठणीत झालेला असतो, त्यामुळे निदानाचा अर्धा भार त्या व्हिडिओवरच असतो.

१. ती फिटच होती का?
धावताना किंवा उत्तेजित होऊन कुत्रा एकदम लुळा पडला आणि काही सेकंदांत काहीच न झाल्यासारखा उठला, तर आधी हृदयाची शंका घ्यावी. झोपेत पाय हलत असतील तर हाक मारा. स्वप्न असेल तर जाग येते. मान एका बाजूला कलली, बुबुळं सरसर सरकताहेत, पण भान शाबूत आहे, तर बिघाड तोलाच्या यंत्रणेत असू शकतो. खऱ्या फिटनंतर बहुतेक वेळा थोडा काळ भ्रमिष्टपणा राहतो: भिंतीला धडकणं, ओळख न देणं, अधाशासारखं खाणं.

२. सुरुवात कुठून झाली?
सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच, आणि नेमकं हेच कुणी पाहिलेलं नसतं. अंग ताठ, मग चारही पाय झटकणं, शुद्ध हरपलेली, लाळ, लघवी सुटलेली: ही सार्वत्रिक फिट. मेंदूच्या एकाच भागातून उठते ती आंशिक. मांजरांत ती सहज नजरेतून सुटते. पहुडलेल्या मांजराच्या एकाच गालावरच्या मिशा फडफडतात, त्याच बाजूची पापणी मिटते-उघडते, हनुवटीवरून लाळेची तार लोंबते. घरच्यांना वाटतं, दातात काही अडकलं असेल. आंशिक फिट पसरत जाऊन सार्वत्रिकही होते, म्हणून पहिले काही सेकंद मोलाचे.

३. किती वेळ, किती वेळा?
पाच मिनिटांहून लांबलेली फिट, किंवा शुद्धीवर न येताच लागोपाठ आलेल्या फिट, ही आणीबाणी. ताबडतोब दवाखाना गाठा. २४ तासांत दोन किंवा अधिक आल्या तर त्याला फिटचा झुबका म्हणतात. तोही अंगावर काढायचा नाही.

४. कारण कुठलं?
एक फिट म्हणजे अपस्मार नव्हे. बाहेरचं कारण नसताना, किमान २४ तासांच्या अंतराने दोन तरी फिट आल्या, तरच तो शब्द वापरतात. रक्तातली साखर किंवा कॅल्शियम घसरणं, यकृताचा विकार, विषबाधा यांनी येणाऱ्या फिट वेगळ्या. कारण दूर झालं की त्याही सहसा थांबतात. म्हणून घरात काय सांडलं, काय चाटलं ते आठवा. झायलिटॉल हा साखरेचा पर्याय कुत्र्यांना घातक, आणि कुत्र्यांच्या गोचिडांवरचं परमेथ्रिनचं औषध मांजराला लावणं म्हणजे फिटला आवतण.

उरलेल्यांचे दोन गट: मेंदूत गाठ, सूज यांसारखा दोष असलेला रचनात्मक अपस्मार, आणि असा दोष न सापडणारा, कुत्र्यांत बऱ्याचदा आनुवंशिक असलेला इडिओपॅथिक. दुसऱ्यात कुत्र्याची पहिली फिट साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात येते आणि दोन फिटच्या मधल्या काळात कुत्रा अगदी नॉर्मल असतो. दहाव्या वर्षी पहिल्यांदाच आली तर एमआरआयची चर्चा टाळू नये. म्हाताऱ्या मांजरांत आणखी एक विचित्र प्रकार आहे: फॉइलची चुरचुर किंवा वाडग्यावर चमच्याचा टणत्कार झाला की फिट.

५. खात्री किती?
पशुवैद्यांच्या आंतरराष्ट्रीय अपस्मार कार्यगटाने २०१५ साली इडिओपॅथिक निदानाच्या तीन पायऱ्या ठरवल्या. इतिहास, तपासणी आणि रक्त-लघवीच्या चाचण्या ही पहिली, पित्ताम्ल (यकृताचं काम दाखवणारी रक्तचाचणी), एमआरआय आणि मेंदू-मणक्यातल्या द्रवाची तपासणी दुसरी, ईईजी म्हणजे मेंदूतल्या विद्युत लहरींचा आलेख ही तिसरी. बरेचसे रुग्ण पहिलीवरच थांबतात, आणि त्यात वावगं काही नाही.

तुमच्या वहीतली नोंद मात्र अशी हवी: ‘पहाटे ४.४०. झोपेतून. आधी उजवा कान, मग पुढचा उजवा पाय, मग सगळं अंग. १ मिनिट ५० सेकंद. नंतर २० मिनिटं घरभर फेऱ्या.’