हिलक्लाइंब प्रशिक्षणात टायरची हवा ठरवा खडूने

हिलक्लाइंब म्हणजे घाटरस्त्यावर एकेक गाडी वेळ लावून चढवण्याची शर्यत. तिच्या सरावात घाटातल्या वळणावर गाडीचं नाक बाहेर जातं, तेव्हा नवखा चालक स्टिअरिंगला दोष देतो. बऱ्याचदा पुढच्या टायरमध्ये हवा कमी असते आणि टायर कडेवर लोळतो. हे तपासायला पांढरा खडू आणि प्रेशर गेज पुरे.

१. सकाळी टायर थंड असताना दाराच्या चौकटीवरच्या स्टिकरप्रमाणे हवा भरा. आकडा लिहून ठेवा.

२. पुढच्या दोन्ही टायरवर, तीन-तीन ठिकाणी, नक्षीच्या कडेपासून बाजूच्या भिंतीवर येईल अशी खडूची रेघ ओढा. टायर कोरडा हवा, ओल्यावर खडू टिकत नाही.

३. एक फेरी मारून थांबल्यावर लगेच रेघ बघा. अनेक टायरच्या खांद्यावर छोटा त्रिकोण असतो. खडू त्याच्याही खाली पुसला गेला असेल तर २ पीएसआय वाढवा. नक्षीच्या कडेवरच खडू शिल्लक असेल तर हवा जास्त आहे, १ पीएसआय काढा.

४. पुसून नवी रेघ, पुढची फेरी. एका वेळी एवढाच बदल करा. चालवण्याची पद्धतही त्याच फेरीत बदललीत तर काहीच कळणार नाही.

फेरीनंतर टायर तापून आकडा चढलेला दिसतो, तो पाहून घाबरून हवा काढू नका. पुढच्या फेरीसाठी रांगेत थांबल्यावर टायर पुन्हा थंड होतो, म्हणून मोजणी नेहमी फेरी संपताच.

सावधगिरी: स्टिकरवरच्या आकड्याखाली जाऊ नका, टायरवर छापलेली कमाल मर्यादाही ओलांडू नका.