ग्रीसच्या डोंगरात गाडी नेताय? या चुका टाळा

ग्रीस म्हटलं की आपल्याला निळ्या घुमटांची बेटंच दिसतात. वायव्येच्या एपिरस भागातला झागोरी मात्र पिंडस पर्वतातल्या 46 दगडी गावांचा मुलूख. 2023 मध्ये त्याला जागतिक वारसा म्हणून मान मिळाला, तरी आपल्याकडचे फार कमी लोक तिकडे वळतात. जे वळतात ते घोळ घालतात पेट्रोल पंपावर. आम्हीही घातला.

पंपावरच्या माणसाने विचारलं, "पेत्रेलेओ?" मी जोरात मान हलवून म्हटलं, "येस, पेट्रोल!" ग्रीकमध्ये 'पेत्रेलेओ' म्हणजे डिझेल. पेट्रोलला तिथे 'वेंझिनी' म्हणतात. डिझेलची जाड नळी टाकीच्या तोंडात शिरेना म्हणून वाचलो. उलट झालं, म्हणजे डिझेलच्या गाडीत पेट्रोल, तर पातळ नळी सहज जाते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. चुकीचं इंधन पडल्याचं कळलं तर सेल मारूच नका. गाडी ढकलून बाजूला घ्या आणि भाड्याने देणाऱ्याला फोन करा. पंपावर बोलण्यापेक्षा टाकीच्या झाकणावरचं लेबल दाखवलेलं बरं. त्यातही 'ने' म्हणजे तिथे 'हो'. आपल्या कानाला ते 'नाही'च वाटतं! टाकी खाली यानिना शहरातच भरून घ्या, वरच्या गावांत पंप सापडेलच असं नाही.

दुसरी चूक नकाशाची. मोनोदेंद्री आणि पापिंगो ही गावं नकाशावर अगदी शेजारी दिसतात, पण मधे विकोसची दरी आहे. गाडीने जायचं तर खाली कोनित्साच्या मोठ्या रस्त्याला उतरून, आरिस्तीवरून पुन्हा चढावं लागतं. शेवटी व्होइदोमातिस नदी ओलांडली की वळणावर वळणं. तास तरी हाताशी ठेवा, अंधार पडायच्या आत पोचा. गाड्या उजव्या बाजूने चालतात, हे घाटात पहिल्या दिवशी हमखास विसरायला होतं.

आंतरराष्ट्रीय परवाना घरून निघतानाच आरटीओतून काढा. तो वर्षभर चालतो. विम्याचा कागद मात्र नीट वाचा. कच्च्या रस्त्यावर टायर फुटला किंवा गाडी खालून घासली, तर खर्च बहुतेकदा आपल्याच गळ्यात येतो. हिवाळ्यात चाकांच्या साखळ्या डिकीत हव्यात.

पायी फिरताना मेंढरांचा कळप दिसला तर फोटोसाठी पुढे धावू नका. व्लाख आणि सराकात्सानी म्हणजे तिथले धनगरच. त्यांची राखणीची कुत्री पर्यटक ओळखत नाहीत. थांबा, मेंढपाळाला हाक मारा, लांबून वळसा घाला.

शाकाहारी असाल तर खानावळीत 'निस्तिसिमो' म्हणजे उपवासाचं काय आहे ते विचारा. त्यात मांस, अंडी, दूध नसतं. पण त्यांच्या उपवासाला कोलंबी आणि माकूळ चालतात, तेव्हा ताट पुढ्यात येण्याआधी तेवढं विचारून घ्या.