फायरप्लेसच्या भिंतीसाठी टाईल निवडताना हे करून बघा

इकडे अमेरिकेत जुनं घर घेतलं की हॉलमधली फायरप्लेसची भिंत बदलायचं डोक्यात येतंच, आणि दुकानातल्या लख्ख लाईटखाली आवडलेली टाईल घरी लावल्यावर भलतीच दिसते.

त्यापेक्षा आवडलेल्या डिझाईनच्या चार-पाच सुट्या टाईल्स आणा (पावती जपा, न वापरलेल्या बरीच दुकानं परत घेतात) आणि फायरप्लेस बंद ठेवून पेंटर्स टेपने (रंग न उखडता सहज निघणारी चिकटपट्टी) भिंतीवर चिकटवा, जड असतील तर नुसत्या टेकवून ठेवा. दिवसा बघाच, पण खरं बघायचं ते संध्याकाळी लॅम्प लावून, सोफ्यावर बसून, कारण आपण ही भिंत जास्त तेव्हाच बघतो. चकचकीत टाईलवर टीव्ही आणि दिवे सगळे दिसतात, मॅट बरी. खडबडीत स्टॅक्ड स्टोन (एकावर एक रचलेल्या दगडाच्या पट्ट्या) फोटोत मस्त दिसतो पण खाचाखाचांत धूळ बसते, मी तरी नाही घेणार. ग्राउट, म्हणजे टाईल्सच्या मधल्या फटी भरायचा मसाला, टाईलच्या रंगाच्या जवळचाच घ्या.

ऑर्डर एकदमच द्या, १० टक्के जास्त, आणि सगळ्या बॉक्सवर शेड नंबर (रंगछटेचा नंबर) एकच आहे ना ते बघा.

एक मात्र सांभाळा, मागे गोंद असलेल्या व्हिनाईल टाईल्स आगीजवळ अजिबात नको, उष्णतेने सुटतात आणि पेटूही शकतात. तिथे पोर्सलेन, सिरॅमिक नाहीतर दगडच.