स्पर्धेनंतरचा कार्डिओ : या चुका टाळा

शरीरसौष्ठव स्पर्धा रविवारी संपते आणि सोमवारी पहाटे पाचचा गजर नेहमीसारखाच वाजतो, कारण तो बंद करायचे कुणाला आठवलेलेच नसते. सोळा-अठरा आठवडे त्या गजरावर उठून उपाशीपोटी ट्रेडमिलवर चढायची सवय लागलेली असते. काही जण गजर बंद करून पुढचा महिनाभर मशीनकडे फिरकत नाहीत, तर काही जण त्याच वेळी, त्याच वेगाने आणि त्याच चढावर पुन्हा चालू लागतात. तयारीचा आराखडा ग्रॅमागणिक लिहिलेला असतो, पण स्पर्धेच्या दुसऱ्या दिवसाचे पान बहुतेकांच्या वहीत कोरे असते. हे पान स्टेजवर जाण्याच्या दोन आठवडे आधीच लिहून ठेवावे, कारण स्पर्धेनंतरच्या भुकेत आणि थकव्यात घेतलेले निर्णय सहसा दोनपैकी एका टोकाला जातात.

कार्डिओ, म्हणजे ट्रेडमिल, सायकल किंवा चालण्यासारखा दमाचा व्यायाम, किती कमी करायचा हे ठरवण्याआधी शरीर कोणत्या अवस्थेत स्टेजवरून उतरले आहे, हे समजून घ्यायला हवे. चरबीचे प्रमाण पाच टक्क्यांच्या आसपास आलेल्या पुरुष स्पर्धकाच्या शरीरात पोट भरल्याचा संदेश देणारे लेप्टिन खालावलेले असते, भूक वाढवणारे घ्रेलिन चढलेले असते, थायरॉइडचे टी-३ हार्मोन आणि टेस्टोस्टेरॉन घटलेले असते. तो नकळत कमी हालचाल करू लागलेला असतो : पाय हलवणे, उगाच उठून चार पावले टाकणे, बोलताना हातवारे करणे, सगळेच मंदावते. 2013 साली प्रसिद्ध झालेल्या, एका नैसर्गिक (स्टिरॉइड न घेणाऱ्या) बॉडीबिल्डरच्या बारा महिन्यांच्या निरीक्षणात विश्रांतीच्या वेळचे हृदयाचे ठोके तयारीदरम्यान मिनिटाला 53 वरून 27 पर्यंत उतरले आणि टेस्टोस्टेरॉन जवळजवळ चौथ्या हिश्शावर आले. स्पर्धेनंतर महिनाभरात ठोके 46 पर्यंत परतले, पण ताकद सहा महिन्यांनीही पूर्णपणे भरून आली नव्हती. हे एका माणसाचे आकडे असल्यामुळे ते सर्वांना जसेच्या तसे लागू होणार नाहीत. दिशा मात्र स्पष्ट आहे : नाडी लवकर सावरते, ताकदीला वेळ लागतो, म्हणून पहिले काही महिने शरीराची उभारी कार्डिओवर खर्च होणार नाही याची काळजी घ्यावी लागते.

एका दिवसात सगळे थांबवणे

समजा, शेवटच्या आठवड्यांत रोज 50 मिनिटे, आठवड्याला सहा दिवस, असा 300 मिनिटांचा कार्डिओ चालू होता आणि त्याशिवाय रोजची बारा हजार पावले होती. 80 किलोच्या माणसाला 50 मिनिटांच्या झपाट्याच्या चालण्याने विश्रांतीपेक्षा साधारण 250 ते 300 कॅलरी जास्त लागतात, म्हणजे आठवड्याला दीड हजार ते अठराशे. हा खर्च एका रात्रीत शून्यावर आला आणि त्याच दिवशी जेवण दुप्पट झाले, तर पुढे जे काही होते ते कशामुळे झाले हे कुणालाच सांगता येत नाही. प्रशिक्षकही मग अंदाजाने आकडे हलवत बसतो.

दुसरे कारण अधिक साधे आहे. स्पर्धेनंतरच्या पहिल्या आठवड्यात पाणी, मीठ आणि कर्बोदके एकदम परत आल्यामुळे घोट्यांवर सूज येते. संध्याकाळी मोजे काढल्यावर वळ उमटलेला दिसतो, बोटातली अंगठी घट्ट होते. पोटरीचे स्नायू आकुंचन पावताना पायातले रक्त वर ढकलतात, त्यामुळे हलके चालणे या सुजेवर बसून राहण्यापेक्षा चांगला उतारा ठरते.

माझ्या मते उतरण सरळ रेषेत नसावी. आधी मोठी पायरी आणि मग लहान पायऱ्या असाव्यात. 300 मिनिटांवरून पहिल्या आठवड्यात 200, दुसऱ्यात 140, आणि तिसऱ्या-चौथ्या आठवड्यापर्यंत 30 मिनिटांची तीन-चार सत्रे, म्हणजे 90 ते 120 मिनिटे. पावले मात्र घाईने कमी करू नयेत. आठ-नऊ हजारांवर ती बराच काळ राहिली तरी काहीच बिघडत नाही.

वजनकाट्याच्या भीतीने तोच कार्डिओ चालू ठेवणे

ही चूक शिस्तीचा पोशाख घालून येते, त्यामुळे ती ओळखता येत नाही. शनिवारी वजन 72.4 होते, सोमवारी 75.1 झाले आणि गुरुवारी 77 दिसले, की माणूस घाबरून ट्रेडमिलवर परततो. या साडेचार किलोंचा हिशेब मांडून पाहावा. स्नायूंत साठणाऱ्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (कर्बोदकांच्या साठ्याबरोबर) साधारण तीन ग्रॅम पाणी साठते, म्हणजे अर्धा किलो ग्लायकोजेन भरले की काट्यावर दोन किलो दिसतात. त्यात मिठामुळे धरून ठेवलेले पाणी आणि आतड्यातले अन्न मिळवले की उरलेल्याचाही बराचसा उलगडा होतो. एक किलो चरबी साठायला साधारण 7,700 कॅलरींचे आधिक्य लागते. पाच दिवसांत साडेचार किलो चरबी चढायची तर रोज गरजेपेक्षा सात हजार कॅलरी जास्त खाव्या लागतील, आणि तेवढे कुणी खाल्ले असेल तर त्याला काटा पाहण्याचीही गरज नाही.

पहिल्या दहा-बारा दिवसांतल्या वजनावर कार्डिओचा कोणताही निर्णय घेऊ नये. त्यानंतर रोजच्या आकड्याऐवजी आठवड्याची सरासरी पाहावी. थोडी चरबी परत यायलाच हवी, हेही मनाशी पक्के असू द्यावे, कारण स्टेजवरची अवस्था टिकवून ठेवली तर हार्मोन सावरत नाहीत. भरपूर कार्डिओ आणि हळूहळू वाढवलेले जेवण या जोडीला कितीही नीटनेटके नाव दिले तरी तो पुढे ओढलेला डाएटच असतो, आणि लांबलेल्या भुकेचा बांध कधी ना कधी फुटतो. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1944-45 मध्ये 36 स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवले होते. पुढे हवे तेवढे खाण्याची मोकळीक मिळाल्यावर त्यांची भूक कित्येक आठवडे शमत नव्हती आणि स्नायूंच्या आधी चरबी भरून आली. अशा भुकेला कार्डिओने अधिक चेतवण्यात काहीच हशील नाही.

खाल्ल्याची शिक्षा म्हणून चालणे

रात्री हात सुटला आणि तीन हजार कॅलरी जास्त पोटात गेल्या, म्हणून सकाळी दोन तास मशीनवर काढायचे, हे गणित मुळातच जुळत नाही. वरच्याच हिशेबाने तीन हजार कॅलरी चालून भरून काढायला आठ ते दहा तास लागतील. दोन तासांनंतर हाती येते ती दुप्पट भूक, आणि संध्याकाळी तोच प्रकार पुन्हा घडतो. शिवाय मशीनच्या पडद्यावरचा कॅलरींचा आकडा हा अंदाज असतो. दांडा धरून चालणाऱ्याला तो हमखास फुगवून सांगतो. जास्त खाल्ले गेले तर दुसऱ्या दिवशी ठरलेले जेवण ठरलेल्या वेळी घ्यावे आणि ठरलेलाच कार्डिओ करावा, त्यात एक मिनिटही वाढवू नये. हे चक्र आठवड्यातून दोन-तीनदा होऊ लागले, किंवा लपवून खाणे आणि मग स्वतःला दंड करणे सुरू झाले, तर हा विषय कार्डिओचा राहिलेला नसतो. मानसोपचारतज्ज्ञाची किंवा खाण्याच्या विकारांत काम करणाऱ्या आहारतज्ज्ञाची मदत घ्यावी.

वेळ वाचवण्यासाठी लगेच स्प्रिंट

मिनिटे कमी करायची आहेत तर तीव्रता वाढवू, हा युक्तिवाद ऐकायला चांगला वाटतो. पण पहिल्या तीन-चार आठवड्यांत सांधे, कंडरा आणि झोप यांपैकी काहीच पूर्ववत झालेले नसते. त्यात चार-पाच किलो पाण्याचे वजन घेऊन स्प्रिंट मारणे म्हणजे मांडीमागच्या स्नायूला दुखापतीचे निमंत्रण आहे. ताकद आणि दमसास यांचे भारी सराव एकत्र केले की ताकदीची वाढ खुंटू शकते, हे 1980 पासूनच्या संशोधनात दिसलेले आहे. आता अन्न मुबलक झाले आहे आणि स्नायू वाढायला तयार आहेत, तर पायांची उभारी स्क्वॉटसाठी राखून ठेवावी. इंटरव्हल (थोडा वेळ जोरात, थोडा वेळ हळू असा सराव) आवडतच असतील तर दुसऱ्या महिन्यापासून आठवड्यातून एकदा, सायकलवर, पायांच्या व्यायामापासून दूरच्या दिवशी करावेत.

मशीनचे जुने आकडे

तयारीच्या काळात ट्रेडमिलवर 5.5 चा वेग आणि 8 चा चढ ठरलेला होता म्हणून तोच लावून ठेवला जातो. मधल्या काळात वजन वाढले आहे आणि नाडीही बदलली आहे, हे विसरले जाते. जिममधला एक ओळखीचा स्पर्धक तीन आठवडे तक्रार करत होता की आपला दमच गेला. चढ 8 वरून 4 वर आणल्यावर त्याच्या तक्रारीही संपल्या. चालताना पूर्ण वाक्य बोलता येईल, पण गाणे म्हणता येणार नाही, एवढीच तीव्रता या काळात पुरे. उपाशीपोटीच चालायचे असाही काही नियम नाही. दिवसभराचे एकूण खाणे सारखे असेल तर चरबीच्या हिशेबात त्याने लक्षात येण्याजोगा फरक पडत नाही.

काही बिघडले तर काय पाहावे

तिसऱ्या आठवड्यानंतरही सरासरी वजन झपाट्याने चढत असेल, तर कार्डिओला हात लावण्याआधी दोन गोष्टी तपासाव्यात : पावले किती घसरली आहेत आणि सुट्टीच्या दिवसांचे खाणे वहीत उतरते आहे का. बहुतेक वेळा गळती तिथेच सापडते. कार्डिओ कमी करूनही थकवा जात नसेल, सकाळची नाडी नेहमीपेक्षा सतत वर राहत असेल किंवा झोप तुटत असेल, तर वजनांचा सरावही आठवडाभर हलका करावा. स्त्री स्पर्धकांची मासिक पाळी तीन महिने आलेली नसेल, तर आणखी वाट न पाहता स्त्रीरोगतज्ज्ञ किंवा अंतःस्रावतज्ज्ञ गाठावा. पाळी परत येईपर्यंत कार्डिओ किमान ठेवावा.

घोट्याची सूज आठवड्या-दीड आठवड्यात ओसरायला हवी. बोटाने दाबल्यावर खड्डा तसाच राहत असेल, सूज वर चढत असेल, एकाच पोटरीत दुखून ती फुगली असेल, किंवा छातीत दुखणे, धाप, धडधड, चक्कर यांपैकी काही असेल तर व्यायाम तिथेच थांबवून तातडीने डॉक्टरांकडे जावे. स्पर्धेच्या आठवड्यात लघवी वाढवणारी औषधे, चरबी जाळणाऱ्या गोळ्या किंवा थायरॉइडची औषधे घेतली असतील तर ती डॉक्टरांना लाज न बाळगता सांगावीत, कारण ती लपवली तर निदानच चुकते.

महिन्याभरानंतर जो 90 ते 120 मिनिटांचा कार्डिओ उरतो, तो मात्र ऑफ-सीझनमध्येही, म्हणजे स्पर्धा नसलेल्या काळातही, सोडू नये. प्रौढांसाठी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आठवड्याला किमान 150 मिनिटांच्या मध्यम हालचालीची आहे आणि रोजच्या झपाट्याच्या चालण्याने ही उणीव सहज भरून निघते. जड सेटच्या मधली विश्रांती लांबत नाही आणि रक्तदाब काबूत राहायला मदत होते, हे त्याचे चालू फायदे. पुढच्या तयारीच्या पहिल्या दिवशी हाच आकडा वहीत सर्वांत वर लिहावा. तिथून वर चढायला 180 ते 210 मिनिटांची जागा शिल्लक असेल, तर सुरुवातीच्या आठवड्यांत जेवणाला कात्री लावण्याची वेळ फारशी येत नाही.