दोन वर्षं राबले, कागदावर शून्य

बीकॉम झाले त्या वर्षी चवथीला गणपतीवर फळाफुलांची माटोळी बांधता बांधता घरात माझंच काय करायचं ते ठरत होतं. मामा म्हणाला, "एमबीए कर. वाळपईत बसून काय करणार?" बाबा गप्प. २०१८च्या मार्चमध्ये गोव्यातल्या खाणी बंद पडल्या तेव्हापासून आमचा खनिजाचा ट्रक अंगणात उभा होता, कर्जाचा विषय कोण काढणार? मी नोकरी धरली. ते चुकलं नाही. कशी धरली ते चुकलं.

कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत एका कंपनीचं अकाउंट्स खातं. हाती आलेलं पत्र 'ट्रेनी'चं, अकरा महिन्यांचं, आणि रकमेपुढे शब्द 'स्टायपेंड'. वाचलं आणि सही केली. अकरा महिने सरले, पुन्हा तसंच पत्र. जीएसटीची रिटर्न्स मी भरायची, बँकेत मी जायचं, मार्चअखेर रात्री आठची कदंब बस चुकली तर फोंड्याला मावशीकडे राहायचं. मग एमबीएची प्रवेश परीक्षा, कॅट, दिली. पर्सेंटाइल बरा आला, एका संस्थेनं मुलाखतीला बोलावलं. फॉर्मवर मी ऐटीत लिहिलं होतं, अनुभव २२ महिने. कागद तपासणाऱ्या बाई म्हणाल्या, "हे तर प्रशिक्षण. सॅलरी स्लिप, पीएफ, फॉर्म १६?" यातलं काहीच नव्हतं. मुलाखतीचा अर्धा वेळ त्याच खुलाशात गेला. प्रवेश मिळाला नाही.

म्हणून पुन्हा पुन्हा सांगते. बहुतेक संस्था पदवीनंतरची, पगारी, पूर्णवेळ नोकरीच अनुभव म्हणून धरतात. इंटर्नशिप, आर्टिकलशिप, अर्धवेळ काम सहसा धरत नाहीत. तुम्ही काम काय केलं हे कोणी विचारत नाही, कागदावर काय आहे ते बघतात. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनाला पीएफ लागू असतो. माणसाला 'प्रशिक्षणार्थी' म्हटलं की त्यातून पळवाट काढता येते, आणि 'ट्रेनी' हा शब्द इतका लाडका आहे तो त्यासाठीच. पहिल्याच आठवड्यात यूएएन, म्हणजे पीएफचा तुमचा नंबर, मागा. लाजू नका, मी लाजले. पीएफच्या पासबुकात दर महिन्याची नोंद पडत असेल तर कोणाच्या बापाला नाकारता येत नाही. ठेकेदारामार्फत लागलात तर पीएफ ठेकेदाराच्या नावावर, मग पत्रही त्याचंच घ्या. सोडताना रिलीव्हिंग लेटर घेतल्याशिवाय गेटबाहेर पडू नका. नंतर कोणी फोन उचलत नाही.

घाबरू मात्र नका. त्या २२ महिन्यांत मी जे शिकले ते वर्गात मिळालं नसतं.

थेट एमबीएला जायचं असेल तर व्याजाचा हिशेब स्वतः मांडा. वर्षाला पाच-पाच लाख कर्ज, दर १० टक्के, शिक्षणाची दोन वर्षं आणि पुढचं एक वर्ष हप्त्यांतून सूट धरली, तर पहिला हप्ता भरण्याआधीच साधारण अडीच लाख व्याज चढलेलं असतं. साडेसात लाखांवर गेलात की बँक सहसा तारण मागते, म्हणजे बहुधा घर. गोमंतकीयांनी आधी गोवा शिक्षण विकास महामंडळाची बिनव्याजी कर्जयोजना बघावी. आमच्याकडे सगळे पर्येच्या गोवा इन्स्टिट्यूट ऑफ मॅनेजमेंटचं नाव घेतात, ताळगाव पठारावर विद्यापीठाचं गोवा बिझनेस स्कूल आहे हे विसरतात. तिथली फी बरीच कमी.

सल्लागार मामांबद्दल एकच. मांडवीचा पूल पडला त्या १९८६ साली ज्यांनी शेवटची परीक्षा दिली, त्यांच्याकडून आशीर्वाद घ्यावा, करिअर घेऊ नये. क्लासवाल्यांचंही तेच. कोणता विभाग कच्चा आहे ते जुन्या पेपरांनी मला फुकटात सांगितलं.

सध्या वेर्ण्याला आहे, रीतसर नेमणूकपत्रावर. पासबुकात चौदा नोंदी आहेत. नोव्हेंबरात पुन्हा कॅट देईन. गेल्या महिन्याची नोंद अजून पडलेली नाही, सोमवारी एचआरकडे जाणार आहे.