एंटरप्राइझ डिंगी चालवताय? मग या चुका टाळा

एंटरप्राइझ ही शर्यतींसाठीची छोटी शिडाची बोट, म्हणजे डिंगी, पहिल्यांदा बघितली की सगळ्यांना वाटतं, हे तर सोपंय. चार मीटरच्या जरा वर लांबी, साधारण नव्वद किलोचा हल (बोटीचा मुख्य सांगाडा), फिकट निळी दोन शिडं, स्पिनेकर (फुग्यासारखं जादा शीड) नाही की ट्रॅपीझ (बाहेर लटकायची तार) नाही, दोघांनी बसायचं आणि निघायचं. मलाही तसंच वाटलं होतं, आणि पहिला पूर्ण सीझन मी शर्यतींत शेवटून दुसरा येत होतो. गंमत अशी की बोटीवर खेळायला फारसं काही नसल्यामुळेच तुमची प्रत्येक चूक लगेच दिसते, स्पिनेकर नीट भरला नाही वगैरे सांगायची सोय नाही, कारण स्पिनेकरच नाहीये.

थोडा इतिहास सांगतो, कारण त्यातून बोटीचा स्वभाव कळतो. १९५६ साली जॅक होल्ट या इंग्लिश डिझायनरने ही बोट काढली, न्यूज क्रॉनिकल या पेपरच्या पाठिंब्याने. जाहिरात म्हणून दोन बोटी रात्रीच्या वेळी इंग्लिश खाडी पार करून फ्रान्सला नेल्या, चार मीटरच्या डिंगीत, विचार करा. प्लायवूडचा किट आणून लोकांनी घरी बोट बांधावी हा हेतू होता, म्हणून हलला गोलाई नाही, सरळ फळ्या कोनात जोडल्यासारख्या कडा आहेत. पेपर १९६० मध्येच बंद पडला, बोटी मात्र पुढे वीस हजारांच्या वर बनल्या! आपल्याकडे आर्मी, नेव्ही आणि एनडीए यांच्यामुळे ती रुजली. १९८२ च्या एशियाडची सेलिंग मुंबईत झाली तेव्हा एंटरप्राइझचं गोल्ड पाकिस्तानच्या बायराम आणि गोशपी आवारी या नवरा-बायकोने नेलं होतं, आणि फायरबॉल या दुसऱ्या डिंगीचं आपल्या फारोख तारापोर आणि झरीर करंजियांनी. घरात ज्यांचं टीव्हीच्या रिमोटवरून जमत नाही त्यांनी आवारींचा जरूर विचार करावा.

आता चुका.

सगळ्यात लाजिरवाणी आधी. बूच. मागच्या फळीला पाणी काढायची भोकं असतात, बोट किनाऱ्यावर आणली की आपण बूच काढून ठेवतो आणि पुढच्या वेळी घाईत विसरतो. माझ्या बाबतीत झालं असं की स्टार्टला सहा मिनिटं होती, बोट टॅक करायला (नाक वाऱ्यातून फिरवून वळायला) चक्क नकार देत होती, मागचा भाग बसल्यासारखा, आणि मी क्रूला, म्हणजे जोडीदाराला, ओरडतोय की तू पुढे सरक, तू पुढे सरक. तो बिचारा सरकून सरकून डोलकाठीला चिकटला. शेवटी बाजूने लाँच (मोटरबोट) गेली, तिच्यावरचे तांडेल काका शांतपणे म्हणाले, "साहेब, बूच घातलंत का?" बूच माझ्या लाइफ जॅकेटच्या खिशात होतं. तेव्हापासून आम्ही ते दोरीने बोटीलाच बांधून ठेवतो. तर बोट विनाकारण सुस्त वाटली तर आधी वाऱ्याला शिव्या देऊ नका, हलमधल्या हवेच्या बंद टँकमध्ये पाणी आहे का बघा. किनाऱ्यावर बूच काढल्यावर धार लागली तर समजायचं की कुठेतरी गळती आहे, बहुतेक वेळा टँकच्या झाकणाचं रबर गेलेलं असतं.

दुसरी तक्रार नेहमी ऐकू येते, टिलर (बोट वळवायचा दांडा) फार जड लागतोय, हात भरून येतो. याची दोन कारणं. एक म्हणजे रडरचं (सुकाणूचं) पातं पूर्ण खाली नसणं. ते उचलता येणारं असतं, आणि खाली धरून ठेवणारी दोरी जरा ढिली पडली की पातं मागे सरकतं, दोन-तीन इंच सरकलं तरी टिलर दगडासारखा लागतो. मागे वाकून बघायला पाच सेकंद लागतात पण कोणी बघत नाही. दुसरं कारण म्हणजे बोट कलंडलेली चालवणं. कलली की ती आपोआप वाऱ्याकडे वळू बघते, मग तुम्ही टिलर ओढून धरता, आणि पाण्यात आडवा धरलेला रडर म्हणजे ब्रेकच. झोत आला की आधी मेनशीट (मेन, म्हणजे मोठ्या शिडाची दोरी) थोडी सोडा, दोघांनी बाहेर वाका, बोट सपाट झाली की परत आत घ्या. तरीही जमत नसेल तर सेंटरबोर्ड (बोटीखाली पाण्यात उतरणारं पातं) थोडं वर घ्या. कललेली बोट फोटोत झकास दिसते हे मान्य, पण शेजारची सपाट चाललेली बोट तुम्हाला मागे टाकून जाते.

हलक्या वाऱ्यात मात्र याच्या उलट. तेव्हा पुढे सरकून बसायचं म्हणजे मागची रुंद फळी पाण्यातून सुटते, आणि बोट मुद्दाम जराशी वाऱ्याआडच्या बाजूला कलू द्यायची, म्हणजे शिडं स्वतःच्या वजनाने आकार धरतात. आणि हलायचं नाही! पाण्याची बाटली घ्यायची तरी मांजरीसारखं. आपल्याकडे सकाळचे मतलई वारे पडतात आणि दुपारचे खारे वारे यायला वेळ असतो, त्या मधल्या तासात ज्याच्याकडे गप्प बसायचा संयम आहे तोच पुढे जातो.

वारा येतो त्या दिशेने वर चढताना बोट चढतच नाही, ही अजून एक तक्रार. बहुतेक वेळा जिब हॅलियार्डचा, म्हणजे जिब (पुढचं छोटं शीड) वर ओढणाऱ्या दोरीचा, ताण कमी असतो. जिबच्या पुढच्या कडेतली तार ताठ हवी, ती ताठ झाली की पुढचा फोरस्टे (डोलकाठीला पुढून धरणारी तार) लोंबल्यासारखा दिसतो आणि नवीन लोक घाबरून तोच आवळत बसतात. तो लोंबू द्या. आणि ताण बरोबर असला तरी नाक उगाच वाऱ्यात खुपसू नका, जिबवरचे लोकरीचे धागे दोन्ही बाजूंना सरळ मागे वाहतायत का ते बघत राहा, वाऱ्याकडचा धागा फडफडला की तुम्ही फार वर गेलात.

आता खरी मजा, सरळ मागून वारा असताना. एंटरप्राइझ इथे डोलायला लागते, एकदा या बाजूला, एकदा त्या, दर वेळी जरा जास्त, आणि तिसऱ्या-चौथ्या झोक्याला हेल्म (टिलर धरणारा) पाण्यात. लोक म्हणतात लाट आली. लाट वगैरे काही नसतं हो, किकर, म्हणजे बूम (मेनच्या खालचा आडवा दांडा) खाली ओढून धरणारी दोरी, ढिला असतो. किकर ढिला की बूम वर उचलली जाते, शिडाचा वरचा भाग पुढे पिळवटतो आणि डोलकाठीला वाऱ्याकडे ढकलतो. किकर आवळा, मेन थोडी आत घ्या, सेंटरबोर्ड पूर्ण वर न घेता निम्मं खाली ठेवा, क्रूने एका बाजूला आणि हेल्मने दुसऱ्या बाजूला बसायचं. डोलणं सुरू झाल्यावर घाबरून मेन अजून सोडायची नाही, त्याने ते वाढतंच. जिब काठीने उलट्या बाजूला लावताना क्रू उभा राहतो तेव्हाही हेच होतं, म्हणून आधी बोट स्थिर, मग काठी.

जाइब करताना (मागून वारा असताना शीड एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला नेताना) बूम डोक्याला लागणं ही चूक म्हणायची की परंपरा कळत नाही. या बोटीची बूम खरंच खाली आहे. उंच क्रूला नुसतं "जाइब" म्हणून भागत नाही, "वाक" म्हणून सांगा, आणि त्याचं डोकं खाली गेलेलं बघितल्याशिवाय टिलर हलवू नका.

कॅप्साइज झालात, म्हणजे बोट पाण्यात आडवी झाली, तर बोट सोडून किनाऱ्याकडे पोहायचं नाही, कितीही जवळ वाटला तरी. मेनशीट आणि किकर सोडा, नाक वाऱ्याकडे वळवा, एकाने सेंटरबोर्डवर चढून जिबशीट ओढायची, दुसऱ्याने आत पडून राहायचं म्हणजे बोट उठताना त्याला आपोआप आत घेते. शीट अडकलेली राहिली तर बोट उठल्या उठल्या पळते आणि पुन्हा आडवी होते, हे मी एका दुपारी तीनदा करून बघितलंय. अजून एक, पूर्ण उलटी झाली तर सेंटरबोर्ड आत घसरतं, मग उभं राहायला जागाच उरत नाही, म्हणून ते मुळात घट्ट बसतंय ना हे किनाऱ्यावरच तपासायचं.

मुंबई हार्बरमधल्यांसाठी एक वेगळं. तलावावर शिकून आलेले लोक ओहोटी विसरतात. वारा पडला आणि ओहोटी जोरात असेल तर शिडं भरलेली, पाण्यावर बोट चाललेली, आणि किनाऱ्यावरची इमारत मात्र पुढे सरकतेय, म्हणजे तुम्ही मागे जाताय. मार्क (शर्यतीतला वळायचा बोया) गाठताना पाण्यावर नजर ठेवू नका, मार्कच्या मागची एखादी इमारत धरा, ती मार्कच्या तुलनेत सरकते का बघा. आणि आत एक वल्हं ठेवा. परत ओढून आणणाऱ्या लाँचवर तेच तांडेल काका असतात, आणि ते विसरत नाहीत.