ट्रॅक डेला या चुका टाळा: घाटात मुरलेला पाय ट्रॅकवर का फसतो

रविवारी संध्याकाळी पसरणी घाट उतरून वाईत शिरलात की एक ओळखीचा वास येतो. जळक्या ब्रेकचा. पाचगणी-महाबळेश्वर करून आलेली एखादी गाडी कडेला उभी असते, पुढच्या चाकातून धूर निघत असतो आणि मालक बाटलीतलं पाणी त्या चाकावर ओतत असतो. आपण सातारकर काच खाली करून बघतो आणि मनातल्या मनात हसतो. घाट दुसऱ्या गिअरमध्ये उतरायचा असतो, एवढंही यांना कळत नाही!

मीही असाच हसायचो. मग कोइमतूरजवळच्या कारी मोटर स्पीडवे या शर्यतींच्या ट्रॅकवर पहिल्या ट्रॅक डेला गेलो आणि दुसऱ्या सेशनला तोच वास माझ्या स्विफ्टमधून आला.

ट्रॅक डे म्हणजे शर्यत नाही, हे आधी सांगून टाकतो. आपली रोजची गाडी, डोक्यावर हेल्मेट, बंद ट्रॅक आणि पंधरा-वीस मिनिटांचं एकेक सेशन. नंबर काढत नाहीत, चषकही नसतो. तरी साताऱ्याहून अकराशेच्या आसपास किलोमीटर गाडी हाकत तिथे जाणाऱ्याच्या मनात थोडी घमेंड असतेच. यवतेश्वर, केळघर, पसरणी हे घाट आपल्या पायाखालचे. वळणं आपल्याला कोण शिकवणार? कारीचा ट्रॅक तर जेमतेम २.१ किलोमीटरचा. माझ्या बहुतेक चुका या घमेंडीच्या पोटातून निघाल्या. घाटातली चांगली सवय ट्रॅकवर नडते, हे तिथे जाईपर्यंत मला कुणी सांगून पटलं नसतं.

ब्रेक गोंजारत दाबणं

घाट उतरताना आपण ब्रेकवर पाय हलका ठेवतो. वळण जवळ आलं की जोर थोडा वाढवतो, वळण अंदाजापेक्षा आवळ निघालं तर आणखी वाढवतो. म्हणजे सगळ्यात जास्त जोर शेवटी. ट्रॅकवर बरोबर उलटं लागतं: सुरुवातीला पूर्ण जोर आणि मग कमी कमी करत सोडायचं.

गाडीतली ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. १२० वरून ६० वर आलात तर वेग निम्माच झाला, पण ऊर्जा तीन चतुर्थांश गेली. म्हणजे खरं काम सरळ पट्ट्याच्या शेवटी, वेग सर्वात जास्त असताना उरकायचं असतं. डांबर कोरडं, टायर चांगले आणि ब्रेक अगदी पकडीच्या काठावर धरला, तरी १०० च्या वेगातून थांबायला साधारण ४० मीटर लागतात. १४० मधून जवळपास ८०. वेग ४० टक्क्यांनी वाढला आणि अंतर दुप्पट झालं. यात डोळ्यांनी बघून पाय हलवायचा वेळ धरलेलाच नाही. १४० च्या वेगात गाडी अर्ध्या सेकंदात १९ मीटर जाते. ‘अजून जरा’ म्हणत पट्ट्यावर काढलेला तो अर्धा सेकंद पुढचं वळण व्याजासकट वसूल करतं.

पण पूर्ण जोर म्हणजे लाथ नाही. पेडलचा मोकळा खेळ आधी संपवायचा. ब्रेकचा पॅड चाकाच्या चकतीला, म्हणजे डिस्कला, टेकल्याचं तळपायाला कळतं, गाडीचं नाक खाली बसू लागतं, वजन पुढच्या टायरवर येतं. मग दाबायचं, कंजुषी न करता. हे सगळं अर्ध्या सेकंदाच्या आतलं काम आहे. लाथ मारली तर वजन पुढे यायच्या आधीच चाकं अडकतात. एबीएस, म्हणजे चाकं अडकू न देणारी यंत्रणा, असेल तर पेडल पायाखाली थरथरतं. एखाद्या वेळी थरथरलं तर काही बिघडत नाही, प्रत्येक वळणाला थरथरत असेल तर तुम्ही उशिरा दाबताय किंवा आपटताय. एबीएस नसलेल्या जुन्या गाडीत अडकलेल्या चाकाच्या टायरला एका जागी सपाट घट्टा पडतो आणि परतीचे अकराशे किलोमीटर धडधड ऐकत यावं लागतं.

ब्रेक कुठे दाबायचा याची खूण ठरवताना बाजूला लावलेले अंतराचे फलक बघा किंवा डांबरावरचा एखादा जोड बघा. झाडाची सावली धरू नका. मी धरली होती. दुपारच्या सेशनला सावली बरीच पुढे सरकली होती आणि मीही तिच्यामागे.

ब्रेक एकदम सोडणं

तिसऱ्या सेशनला शेजारच्या सीटवर प्रशिक्षक बसले. दोन फेऱ्या एक शब्द बोलले नाहीत. पिटमध्ये, म्हणजे ट्रॅकच्या कडेला गाड्या थांबतात तिथे, आल्यावर म्हणाले, “ब्रेक दाबायला तुम्हाला येतं. सोडायला येत नाही.”

मला कळेचना. सोडण्यात शिकण्यासारखं काय आहे? पाय उचलला की सुटला.

तिथेच तर गोम आहे. ब्रेक दाबलेला असताना गाडीचं वजन पुढच्या टायरवर असतं, म्हणून त्यांना पकड जास्त असते. वळायचं कामही पुढच्याच टायरना करायचं असतं. आता नेमक्या स्टिअरिंग फिरवायच्या क्षणी तुम्ही पाय फटकन उचललात, तर नाक वर उसळतं, वजन मागे जातं आणि पुढचे टायर हलके पडतात. गाडी वळायला नाखूश होते. मग आपण म्हणतो, ‘गाडी अंडरस्टिअर करते, टायर बदलायला हवेत.’ दोष टायरचा नसतो, उजव्या पायाचा असतो.

उसाला दारं धरलेल्या माणसाला हे लगेच समजेल. पाटातून येणारं पाणी तेवढंच असतं. एका सरीचं तोंड जेवढं बुजवाल तेवढंच पाणी पुढच्या सरीला जाणार. दोन्ही तोंडं सताड उघडी ठेवली तर एकही सरी धड भरत नाही आणि एक तोंड एकदम बुजवलं तर पाणी बांधावरून उलटतं. टायरची पकडही तेवढीच असते. ब्रेक त्यातूनच घेतो, स्टिअरिंगही त्यातूनच घेतं. स्टिअरिंग जितकं फिरत जाईल तितका पाय वर येत जायला हवा, एकाच्या मापाने दुसरं. यालाच ट्रेल ब्रेकिंग म्हणतात.

मात्र पहिल्याच दिवशी हे करायला जाऊ नका. सुरुवातीला बहुतेक सगळं ब्रेकिंग स्टिअरिंग सरळ असतानाच संपवा. उरलेला शेवटचा थोडासा दाब मनात ‘एक, दोन’ म्हणत सोडा आणि त्या ‘दोन’वर वळायला सुरुवात करा. एवढ्यानेच माझी गाडी वळणात शिरताना शहाण्यासारखी वागायला लागली. वेग तोच होता, फक्त नाक उसळत नव्हतं.

याचा सराव घरी होतो, आणि त्याला वेग लागत नाही. साताऱ्यात पोवई नाक्यावर गाडी थांबवताना शेजारी बसलेल्याच्या मानेला हिसका बसतो का, ते बघा. थांबायच्या अगदी आधी ब्रेक किंचित ढिला करून गाडी लोण्यासारखी उभी करायची. मी महिनाभर हाच खेळ खेळलो. मागे बसलेल्या आईला तर काही शिकवणी चालू आहे हे कळलंही नाही, ती फक्त म्हणाली, “हल्ली बरी चालवतोस.”

वळणाच्या पोटात घाबरणं

साताऱ्याहून पुण्याला जाताना खंबाटकीचा बोगदा संपल्यावरचं ते एस वळण आठवा. तिथे वेगात शिरलेल्याचा जीव अर्ध्यावर खालीवर होतो आणि पाय ब्रेककडे धावतो. ट्रॅकवरही तसंच होतं. वळणाच्या ऐन पोटात ॲक्सिलरेटर एकदम सोडला किंवा ब्रेक मारला की वजन पुढे धावतं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडीचं शेपूट सुटतं. आपल्याकडच्या बहुतेक गाड्या पुढच्या चाकांवर चालणाऱ्या. त्यांचं शेपूट सुटत नाही, असा एक समज आहे. सुटतं. मी स्वतः अर्धी गिरकी घेऊन, आलो त्या दिशेला तोंड करून, गवतात उभा राहिलोय.

गाडी काय करते त्यावरून चूक ओळखता येते. वळायचं सोडून नाक बाहेर बाहेर जात असेल, तर शिरतानाचा वेग जास्त होता किंवा ब्रेक फटकन सुटला. अशा वेळी आपण घाबरून स्टिअरिंग आणखी पिळतो, त्याने पुढचे टायर नुसते घासले जातात. ॲक्सिलरेटर हळूच कमी करा आणि स्टिअरिंग किंचित उलगडा. पकड परत आल्याचं हाताला जाणवतं, मग पुन्हा वळवा. शेपूट सुटलं, तर ज्या बाजूला जायचंय तिकडे बघा, तिकडेच स्टिअरिंग द्या आणि ब्रेककडे जाऊ नका. गाडी अगदीच फिरली, आता सावरत नाही असं कळलं, की मग क्लच आणि ब्रेक दोन्ही दाबून धरा.

कार्टिंग, म्हणजे छोट्या उघड्या गाड्यांची ट्रॅकवरची शर्यत, केलं असेल तर हे अंगात आलेलं असतं. भाड्याच्या कार्टला बहुधा ब्रेक फक्त मागच्या ॲक्सलला असतो, त्यामुळे वळता वळता दाबला की ते जागच्या जागी फिरतं. कोल्हापूरकडच्या कार्टिंग ट्रॅकवर थोडक्या पैशांत जे कळतं, त्यासाठी स्वतःची गाडी गवतात घालायची गरज नाही.

आत लवकर घुसणं

घाटात आपल्याला आपली डावी बाजूच वापरायची असते आणि तेच बरोबर आहे. ती सवय इतकी भिनलेली असते की ट्रॅकवर रस्त्याची पूर्ण रुंदी आपली आहे, यावर मनाचा विश्वास बसत नाही. पांढरी रेघ ओलांडल्यासारखं अपराधी वाटतं. मग आपण वळणाच्या आधीच आतल्या कडेला चिकटतो. सुरुवात छान वाटते, पण पुढे वळण संपता संपत नाही आणि बाहेर पडताना रस्ता पुरत नाही.

बाहेरून या, जरा उशिरा वळा, आतली कड वळणाचा मध्य ओलांडल्यावर गाठा. वळण संपताना स्टिअरिंग अजून पिळावं लागत असेल, तर तुम्ही लवकर वळलात. स्टिअरिंग आपोआप उलगडत असेल, तर जमलं. याला डोळ्यांची मदत लागते. समोरच्या बंपरवरून नजर उचलून आतल्या कडेवर न्यायची आणि तिथे पोचायच्या आधीच बाहेर पडायच्या जागेकडे.

“ब्रेक ऑइल भरलेलं आहे की!”

आता त्या वासाकडे येतो. निघायच्या आधी एका गॅरेजमध्ये गाडी दाखवली होती. ब्रेक ऑइल बदला म्हटलं, तर झाकण उघडून दाखवलं, “भरलेलं आहे की, कशाला पैसे घालवताय?” मलाही ते पटलं. पातळी मॅक्सच्या रेघेला होती, रंग मात्र कोऱ्या चहाचा.

ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषतं. डॉट ४ प्रकारचं नवं ऑइल किमान २३० अंश सेल्सिअसला उकळायला हवं, असं मानक आहे. ओलावा शिरल्यावरची किमान मर्यादा १५५ अंश. डॉट ३ असेल तर हेच आकडे २०५ आणि १४०. ट्रॅकवर डिस्क याच्या कितीतरी पुढे तापते आणि उष्णता पॅडमधून, पॅड दाबणाऱ्या कॅलिपरमध्ये, तिथून ऑइलमध्ये जाते. ऑइल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, वाफ दाबली जाते. म्हणून पेडल स्पंजासारखं मऊ होऊन खाली जातं. माझं सेशनच्या सातव्या-आठव्या फेरीत गेलं, पार मॅटला टेकलं. पोटात गोळा येणं म्हणजे काय ते त्या दिवशी कळलं.

अशा वेळी पेडल भराभर दोन-तीनदा पंप करा, थोडा दाब परत मिळतो. गिअर एकेक करून खाली आणा. वळायचा हट्ट सोडा आणि सरळ मोकळ्या जागेत जा. ती जागा त्यासाठीच ठेवलेली असते. मी तेच केलं, म्हणजे करावंच लागलं.

पेडल दगडासारखं कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं झालं तर ऑइल ठीक आहे, पॅड तापलेत. दोन्हीवर पहिला उपाय एकच: ब्रेक न वापरता एक सावकाश फेरी मारून वारा लागू देणं आणि मग पिटमध्ये येणं. आल्यावर हँडब्रेक ओढू नका. तापलेले पॅड किंवा लाइनर एका जागी दाबून राहिले की तिथेच उष्णता अडकते. पहिल्या गिअरमध्ये ठेवा, चाकाला वीट लावा. आणि पाणी ओतू नका, गरम डिस्कला तडा जाऊ शकतो.

बाकी बारीकसारीक: ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट काढून टाका. चप्पल, सँडल नको, पातळ तळव्याचे बूट घाला. टायरमधली हवा तापून ४-५ पीएसआय सहज वाढते, म्हणून सेशन संपल्याबरोबर मोजा, जास्तीची सोडा आणि घरी निघण्याआधी थंड टायरमध्ये परत नीट भरा. नेहमीच्या विमा पॉलिसीत शर्यत आणि वेगचाचणीचा वापर वगळलेला असतो, तेव्हा ट्रॅकवर गाडी ठोकलीत तर खर्च आपला. आणि यातलं काहीही यवतेश्वरच्या घाटात करून बघू नका. तिथे समोरून दुधाचा टेम्पो येतो, मोकळी जागा नसते, दरी असते. सार्वजनिक रस्त्यावर शर्यत लावणं मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ खाली गुन्हाही आहे.

परत आल्यावर मी फिटर बदलला. नव्या फिटरने जुनं ऑइल पारदर्शक नळीतून बाटलीत काढलं, उजेडात धरलं आणि काही न बोलता माझ्याकडे बघितलं. आता दरवर्षी मी गेलो की तो विचारतो, “कोइमतूरला कधी निघालाय?” आणि उत्तराची वाट न बघता डॉट ४ चा नवा डबा फोडतो.